पंचनाम्याची जात: पानशेत ते आंबिल ओढा

पूर येवो, भूकंप होवो की दरड कोसळो, दोन दिवसांत एक वाक्य कुणीतरी म्हणतंच की संकटाला जात नसते. पाणी सगळ्यांच्याच घरात शिरतं, हे खरं आहे. पण पाणी ओसरल्यावर दारात पंचनामा येतो, आणि पंचनाम्याला आलेला माणूस काय वाहून गेलं हे विचारायच्या आधी घर कुणाच्या नावावर आहे हे विचारतो. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या जमीन धरू दिली नाही, गावात घर बांधू दिलं नाही, आणि शहरात आल्यावर ज्याला नाल्याच्या काठाशिवाय जागा सापडली नाही, त्याच्याकडे या प्रश्नाला दाखवण्यासारखा कागद नसतो. मग सगळं वाहून गेलेलं कुटुंब कागदोपत्री "नुकसान नाही" या रकान्यात जातं.

यावर आपले काही मित्र म्हणतात की हा फक्त कागदपत्रांचा प्रश्न आहे, त्यात जात कशाला आणता? सरकारी पैसा आहे, तो पुराव्याशिवाय कसा वाटणार? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही, इतिहासानेच द्यावं लागतं. आमचं म्हणणं असं आहे की मालकीचा उतारा असल्याशिवाय सरकार घर देऊ शकत नाही, हे खोटं आहे. याच पुणे शहरात १९६१ साली सरकारने भाडेकरूंना पूरग्रस्त म्हणून मान्यता दिली आणि त्यांच्या घरांची व्यवस्था केली. ज्यांच्या नावावर एक वीटही नव्हती, त्यांना. नियम तेव्हा वाकला. तो कुणासाठी वाकला आणि पुढे कुणासाठी वाकेनासा झाला, हे आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत असलं पाहिजे.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालं नव्हतं, तरी त्यात पाणी साठवलं गेलं होतं. पाणी सोडण्यासाठी धरणाच्या पोटातून जो मार्ग काढला होता, त्याच्या बांधकामात आवश्यक त्या लोखंडी सळ्या नव्हत्या. तो खचला तसा वरचा मातीचा बांध खाली बसू लागला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, त्यामुळे काही तास मिळाले, पण सकाळी धरण फुटलं. ते पाणी खडकवासल्यावर आदळलं आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेलं ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटलं. भर दुपारी मुठा नदी नारायण, शनिवार, कसबा, सोमवार, मंगळवार अशा पेठांमधून वाहत होती. नदीलगतची पुलाची वाडी तर पाण्याच्या पहिल्या तोंडाला होती. मेलेल्यांचा आकडा हजाराच्या आसपास सांगितला जातो आणि त्यावर आजही वाद होतो. खडकवासलाच गेल्यामुळे उरलेल्या शहराचं पिण्याचं पाणीही तुटलं.

पुढे चौकशी आयोग नेमला गेला. त्याचे पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती बावडेकर यांनी चौकशी चालू असतानाच आत्महत्या केली, नंतर न्यायमूर्ती नाईक यांनी ते काम पूर्ण केलं. दोष कुणाचा यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून त्यात आम्ही इथे शिरत नाही. आमचा विषय घरांचा आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पानशेतचा पूर सरकारच्याच धरणातून आला होता, त्यामुळे सरकारला "ही निसर्गाची करणी" असं म्हणून हात झटकता आले नाहीत.

तेव्हा यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि पुढच्या वर्षी निवडणूक होती. पुनर्वसनाची सूत्रं स. गो. बर्वे यांच्याकडे दिली गेली. बर्वे सनदी अधिकारी होते आणि पुणे महापालिकेच्या सुरुवातीच्या काळात तिथे आयुक्त राहिलेले होते. त्यांनी ज्या वेगाने काम केलं त्याबद्दल पुणेकर आजही आदराने बोलतात, आणि तो आदर खोटा नाही. महापालिका तेव्हा अकरा वर्षांची होती. एवढ्या मोठ्या कामाचा पैसा तिच्याकडे नव्हता, अधिकारही नव्हते. राज्याने पैसा, जमीन आणि निर्णय घेणारा माणूस असं तिन्ही एका जागी आणलं, म्हणून काम झालं. आज कुठल्याही आपत्तीनंतर महसूल खातं, महापालिका, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणि पाटबंधारे एकमेकांकडे बोट दाखवतात ते पाहिलं की १९६१ ची ती गोष्ट आणखी ठळक वाटते.

त्या पुनर्वसनात तीन प्रकारचं छप्पर मिळालं. एक, सहकारी गृहरचना संस्थांना भाडेपट्ट्याने भूखंड. अशा १०३ संस्था पुण्यात उभ्या राहिल्या. सहकारनगर हे नाव त्याच काळाची खूण आहे. दोन, सरकारने बांधलेले गाळे. आणि तीन, निसन हट, म्हणजे अर्धवर्तुळाकार पत्र्याच्या लष्करी धाटणीच्या झोपड्या, ज्या गोखलेनगरसारख्या भागात टाकल्या गेल्या. तात्पुरत्या म्हणून टाकलेल्या अशा घरांत लोकांनी वर्षानुवर्षं काढली.

आता जरा थांबून बघू या. पेठांमधले बहुसंख्य लोक वाड्यांत भाड्याने राहत होते. वाडा मालकाचा, खोली भाडेकरूची. वाडा पडला तर काटेकोर हिशेबाने नुकसान मालकाचं झालं, भाडेकरूचं गेलं ते फक्त सामान. पण १९६१ च्या सरकारने असा हिशेब केला नाही. या गावात हा माणूस राहत होता, त्याचं राहतं घर गेलं, म्हणून तो पूरग्रस्त, असं मानलं. म्हणजे मालकीऐवजी रहिवास हा निकष धरला. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं, आणि आपण ते पूर्वदाखला म्हणून वापरायला हवं होतं. आपल्या चळवळीत पानशेतचं नाव क्वचितच निघतं. ती "त्यांची" आठवण आहे असं समजून आपण ती सोडून दिली.

आणि ती आठवण तशी लिहिलीही गेली आहे. वाडे, देवघरं, ग्रंथसंग्रह, भारत इतिहास संशोधक मंडळातली भिजलेली कागदपत्रं यांच्यावर भरपूर वाचायला मिळतं. काठावरच्या झोपडीतल्या बाईची भांडी कुठे गेली हे फारसं सापडत नाही. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या सुलभा ब्रह्मे आणि प्रकाश गोळे यांनी या पुरावर आणि पुनर्वसनावर १९६७ साली अभ्यासग्रंथ काढला, हा सन्माननीय अपवाद. पुरानंतर सहा वर्षांनी पुण्यातल्याच संस्थेने पुनर्वसनाचा हिशेब मांडणं, असं आज किती आपत्तींच्या वाट्याला येतं?

तीन प्रकारच्या छपरांची उतरंडही बघायला हवी. भूखंड कुणाला मिळू शकतो? संस्था काढायला एकमेकांना ओळखणारी, एकमेकांवर विश्वास असणारी, भागभांडवल भरू शकणारी, पगाराची पावती दाखवू शकणारी माणसं लागतात. १९६१ च्या पुण्यात अशी ओळखपाळख जातीच्या, शाळेच्या आणि कचेरीच्या धाग्यांनीच विणलेली होती. ज्याच्याकडे हे नव्हतं तो गाळ्यात गेला, आणि ज्याच्याकडे त्याहून कमी होतं तो पत्र्याखाली गेला. कुणी मुद्दाम जात विचारली नाही. विचारायची गरजच पडली नाही! नंतरचा इतिहासही सांगतो की भूखंडधारकांच्या भाडेपट्ट्याचं मालकीत रूपांतर व्हावं हा प्रश्न दशकानुदशकं मंत्रालयात जिवंत राहिला, कारण तो लावून धरणाऱ्या नोंदणीकृत संस्था होत्या, त्यांचे अध्यक्ष-सचिव होते, लेटरहेड होतं. पत्र्याखालच्यांकडे लेटरहेड नव्हतं.

याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं? १९५९ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने तो देशभर नेला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी साधी होती: पडीक सरकारी जमीन कसायला द्या. म्हणजे एकाच दशकात, एकाच राज्यात, घर गमावलेल्या पेठकरी भाडेकरूला सरकार जमीन देत होतं आणि हजारो वर्षं जमीन नाकारलेल्या माणसाला ती मागितल्याबद्दल तुरुंगात टाकत होतं. पेठकऱ्याला मिळालेली जमीन चुकीची होती असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण तीच दया दुसऱ्या हाताला का सुचली नाही, हे विचारणं आपलं काम आहे.

एक छोटं विषयांतर करतो. धरण आणि पूर म्हटलं की बाबासाहेबांचं मजूरमंत्री म्हणून १९४२ ते १९४६ मधलं काम आठवतं. १९४३ च्या दामोदरच्या पुरानंतर त्यांनी नदीकडे केवळ बांध घालून अडवायचा शत्रू म्हणून पाहिलं नाही. वीज, सिंचन, जलवाहतूक आणि पूरनियंत्रण एकत्र धरणाऱ्या योजनेचा त्यांनी पाठपुरावा केला. दामोदर खोरे महामंडळ त्यातून पुढे आलं. पाण्याचं नियोजन ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे आणि त्याचा लाभ सामान्य माणसापर्यंत गेला पाहिजे, हा त्यातला धागा. पानशेत त्याच्या नेमकं उलटं उदाहरण ठरलं. विषयांतर संपलं.

पानशेतनंतर बत्तीस वर्षांनी किल्लारी झाली. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपलेले, आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांवर दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची जड छपरं कोसळली. आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. जड वाडे पडले. कुडाच्या, गवताच्या हलक्या झोपड्यांनी त्या मानाने कमी माणसं मारली. गरिबीने वाचवलं, असं म्हणायची वेळ इतिहासात क्वचित येते, ती इथे आली.

मग जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आला. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली बावन्न गावं नव्या जागी वसवायची ठरली. बाकीच्या शेकडो गावांत लोकांनी स्वतः दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं आणि सरकारने हप्त्याहप्त्याने अनुदान द्यायचं. नव्या गावांतल्या घरांचं माप कशावरून ठरलं? कुटुंबात माणसं किती यावरून नाही. कुणी किती गमावलं यावरूनही नाही. जमिनीवरून ठरलं! भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फूट, सात हेक्टरच्या वर ७५० चौरस फूट.

याचं समर्थन केलं जातं की शेतकऱ्याला धान्य ठेवायला, अवजारं ठेवायला, बैल बांधायला जागा लागते. लागते, मान्य. पण सात माणसांच्या मजूर कुटुंबाला झोपायला जागा लागत नाही का? मराठवाड्यातल्या भूमिहीनांत महार, मांग, चांभार, भटके किती आणि सात हेक्टरच्या वरचे कोण, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी नको. म्हणजे भूकंपाने गावाची जुनी रचना जमीनदोस्त केली होती. महारवाडा, मांगवाडा, गढी, सगळं एका ढिगात मिसळलं होतं. कोऱ्या जमिनीवर अख्खी गावं नव्याने आखायची संधी सरकारच्या हातात आली होती, आणि सरकारने आखणी करताना सातबारा उघडला. जिथे घरं मापानुसार ओळीने बांधली गेली, तिथे मोठ्या घरांची आळी आणि लहान घरांची आळी आपोआप वेगळी झाली. नव्या गावाच्या नकाशावर महारवाडा असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्याबद्दल जे कठोर मत मांडलं, आणि त्याआधी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची जी मागणी केली, ती आठवा. त्यांना खेडं नव्याने आखायचं होतं, कारण जात खेड्याच्या रचनेतच मुरलेली आहे हे त्यांनी ओळखलं होतं. किल्लारीचं पुनर्वसन चालू झालं तेव्हाच मराठवाड्यात नामांतराचा लढा शेवटच्या टप्प्यात होता. १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याआधी १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर याच मराठवाड्यात दलितांची घरं जाळली गेली होती. विद्यापीठाच्या कमानीसाठी आपण सोळा वर्षं लढलो आणि ते लढणं योग्यच होतं. २५० फुटांच्या घरासाठी मात्र तसा आवाज उठला नाही.

किल्लारीतून घेण्यासारखंही काही आहे, ते सांगितलं नाही तर अन्याय होईल. दुरुस्ती-मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात गावोगावच्या महिला मंडळांना "संवाद सहाय्यक" नेमलं गेलं. कुणाला किती हप्ता मिळाला, पुढचा कधी, बांधकामात काय चुकतंय, ही माहिती त्या बाया घरोघर नेत. जिथे माहिती बाईच्या हातात आली, तिथे मधला दलाल अडचणीत आला.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. २००५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात कॅटरिना वादळाने बंधारे फुटले. केंद्र सरकारच्या पैशातून लुईझियाना राज्याने "रोड होम" नावाची घरबांधणी अनुदान योजना आणली. सूत्र असं होतं की वादळापूर्वीची घराची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यांतलं जे कमी असेल त्यावर अनुदान. वाचायला अगदी निष्पक्ष वाटतं. पण कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या घराची बाजारातली किंमत वर्णभेदामुळेच कमी. सारखंच घर, सारखंच सिमेंट, सारखाच सुतार, तरी कृष्णवर्णीय घरमालकाला कमी पैसा. त्यावर नागरी हक्क संघटना न्यायालयात गेल्या आणि २०११ मध्ये सुमारे ६ कोटी २० लाख डॉलरची तडजोड झाली. तिथल्या कार्यकर्त्यांनी योजनेत कुणी शिवी दिली का, हे शोधत वेळ घालवला नाही. त्यांनी सूत्र उघडून दाखवलं. आपल्याकडे २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतल्या दलितांना मदतीतून कसं वगळलं गेलं याच्या नोंदी मानवी हक्क संघटनांनी केल्या. तिथेही "बाधित" म्हणजे मच्छीमार, या व्याख्येने किनाऱ्यावर मजुरी करणारा दलित यादीबाहेर राहिला.

आता परत पुण्यात येऊ. आंबिल ओढा कात्रजकडून येतो आणि पर्वतीच्या पायथ्याशी वळण घेऊन दांडेकर पुलाजवळून मुठेला मिळतो. हा त्याचा मूळ मार्ग नव्हे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांच्या काळात शहराच्या सोयीसाठी तो वळवला गेला आणि पर्वतीखाली तळं झालं, जिथे आज सारसबाग आहे. सत्तेला हवा तिथे ओढा गेला. पुढे शहराची झाडलोट करणारी, हमाली करणारी, बांधकामावर राबणारी माणसं त्या वळवलेल्या ओढ्याच्या काठी राहायला आली, कारण शहराने दुसरीकडे जागा ठेवली नव्हती. याच पर्वतीवर मंदिरप्रवेशासाठी १९२९ मध्ये सत्याग्रह झाला, शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज त्यात होते. त्या टेकडीच्या पायथ्याशी नाल्याकाठी आपण का राहतो, हा प्रश्न त्या इतिहासापासून तोडता येत नाही.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि ओढ्याने आपली जागा परत मागितली. शहर-जिल्ह्यात मिळून वीसच्या वर माणसं गेली. अरण्येश्वरजवळच्या टांगेवाला कॉलनीत भिंत पडून पाच जण मेले. त्यानंतर शहरात दोन चर्चा समांतर चालल्या. ओढ्याकाठच्या सोसायट्यांच्या पडलेल्या सीमाभिंती सरकारी पैशातून बांधायच्या का, ही एक. खासगी मिळकतीवर महापालिकेला खर्च करता येतो की नाही यावर पुढची काही वर्षं खल झाला, लोकप्रतिनिधींनी पाठपुरावा केला. झोपडपट्टीबद्दलची चर्चा वेगळी होती: यांचं अतिक्रमण ओढ्यात आहे, म्हणून पूर येतो. एकच ओढा, एकच रात्र. एका काठावरच्या माणसाला नुकसानग्रस्त म्हटलं गेलं, दुसऱ्या काठावरच्याला पुराचं कारण.

२४ जून २०२१ ला, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, ऐन पावसाळ्यात दांडेकर पुलाजवळच्या आंबिल ओढा वस्तीत घरं पाडायला यंत्रणा आली. ओढा सरळ करायचा आहे, असं कारण होतं. त्याच दिवशी न्यायालयाकडून कारवाईला स्थगिती मिळाली, पण तोवर पुष्कळ घरं जमीनदोस्त झाली होती. पूरग्रस्तांचं पुनर्वसन १९६१ मध्ये असं झालं आणि २०२१ मध्ये असं.

कुणी म्हणेल ही स्थानिक अधिकाऱ्यांची मनमानी. नाही. ती निकषांतच लिहिलेली आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के, आणि त्यातून काय द्यायचं याचे दर केंद्र ठरवतं. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. झोपडी पडली तर ८ हजार. पंधरा पटींचा फरक आहे. वर अट अशी की पडलेलं घर अधिकृत बांधकाम असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलं पाहिजे. शहरातल्या झोपडपट्टीत विटा-सिमेंटचं, पत्र्याचं, पोटमाळ्याचं घर असतं. ते झोपडीच्या व्याख्येत बसत नाही, कारण भिंती पक्क्या आहेत. आणि अधिकृत घराच्या व्याख्येतही बसत नाही, कारण जमीन नावावर नाही. आयुष्यभराची भिशी घालून बांधलेलं घर दोन्ही रकान्यांच्या मधल्या रेषेवर उभं राहतं. राज्य सरकार स्वतःच्या तिजोरीतून जादा देऊ शकतं आणि कधीकधी देतं, पण ते त्या त्या वेळच्या निर्णयावर. कुणाचा आवाज मंत्रालयात पोचतो, यावर.

आम्ही वस्तीत अर्ज भरून देण्याचं काम करतो. एका पुरानंतर एका कार्यालयात एक मावशी सोबत होत्या. रेशनकार्ड, लाइट बिल, मतदान कार्ड, मुलाचा शाळेचा दाखला, सगळ्यांवर तोच पत्ता. "मावशी, घराचा उतारा?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "साहेब, उतारा असता तर नाल्यात कशाला राहिले असते?" साहेब चांगले होते, त्यांनी मान खाली घातली. अर्ज मात्र बाजूलाच राहिला.

जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलं, पाटील इस्टेट आणि ताडीवाला रोडच्या वस्त्यांत शिरलं. डेक्कनच्या पुलाच्या वाडीत, हो, त्याच पुलाच्या वाडीत, हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघांचा जीव गेला. त्या वेळी महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हतं. मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. पंचनाम्याच्या वेळी शेजारी उभं राहून "हे घर माझ्या प्रभागातलं आहे, वीस वर्षांपासून आहे" असं सांगणारा नगरसेवक नव्हता. तो जसा असेल तसा, पण त्याची एक सही चालते.

आता कायद्याचं बळ कुठे आहे ते पाहू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५, कलम ६१: भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना हे कलम पाठ आहे? ॲट्रॉसिटी कायदा आपल्याला कलमासकट येतो, हा येत नाही. याच कायद्याच्या कलम ४१ नुसार बाधित भागात मदत, पुनर्वसन आणि पुनर्बांधणी करणं हे स्थानिक संस्थेचंही कर्तव्य आहे, म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही, तहसीलला जा" असं महापालिकेला सरळ म्हणता येत नाही. २०२५ च्या दुरुस्तीने महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली आहे, आयुक्त त्याचे अध्यक्ष. पुण्यासाठी त्याचा आराखडा होईल तेव्हा धोक्याच्या वस्त्यांची यादी त्यात असेल. ती यादी मदत द्यायची म्हणून होते की हटवायची म्हणून, यासाठीच भांडावं लागणार आहे. आणि त्या भांडणात हातात ठेवायचा दाखला १९६१ चा आहे: पुणे शहरात पूरग्रस्त ठरवताना रहिवास ग्राह्य धरला गेला होता. हा पायंडा याच शहराचा आहे, कुणाकडून उसना आणलेला नाही.

आपल्या बाजूलाही एक सवय लागली आहे. पूर आला की आपण पहिल्या आठवड्यात किट वाटतो, चादरी वाटतो, बॅनर लावतो, फोटो काढतो. ते करू नये असं नाही. उपाशी माणसाला आधी जेवण. पण पंचनामे दुसऱ्या आठवड्यात होतात, यादी तिसऱ्या आठवड्यात लागते, हरकती त्यानंतर, आणि हप्ता काही महिन्यांनी. तोवर आपण पुढच्या कार्यक्रमाकडे वळलेलो असतो. पेठेतल्या माणसाने १९६१ मध्ये संस्था नोंदवली आणि ती दशकानुदशकं चालवली. आपल्याकडे मंडळं आहेत, जयंती समित्या आहेत, विहारं आहेत, वर्गणी गोळा करायची शिस्त आहे. हीच यंत्रणा यादीच्या कामाला लावायची आहे.

म्हणून पावसाळ्याआधीची कामं. प्रत्येक विहारात वस्तीची स्वतःची वही हवी. घराचा फोटो दारात कुटुंब उभं करून, भिंती आणि छप्पर कशाचं, किती वर्षांपासून राहतात, जुन्यात जुना पुरावा कोणता. फोटोपास असेल तर त्याची प्रत, नसेल तर गणनेची पावती, तीही नसेल तर लाइट बिल आणि मुलांच्या शाळेच्या नोंदी. भाडेकरूचं नाव वेगळ्या ओळीत, कारण घरमालक मदत घेऊन जातो आणि भाडेकरू रिकामा राहतो हे आपल्याच वस्तीत घडतं, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. वहीची एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात आणि एक तहसीलला, दोन्ही ठिकाणी आवक-शिक्का मारून घ्यायचा. शिक्का देत नसतील तर पोस्टाने, पोचपावतीसह. वस्तीत हे काम दिवसा होत नाही. बाया धुणीभांडी करून सातनंतर येतात, तेव्हाच जावं लागतं. आणि कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात बाईचं नाव आधी लिहायचं.